बाईला चार तोळे, बाप्याला दोन

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला गल्लीत एक नवी नोकरी लागते. पगार नसतो, रजाही नसते. कुणाच्या मुदत ठेवीचं नूतनीकरण राहिलेलं असतं, कुणाच्या लॉकरला वारसाचं नाव लावायचं असतं, कुणाच्या पासबुकात व्याज कमी पडलेलं असतं. मी कादंबऱ्या लिहितो हे आमच्या गल्लीत फारसं कुणाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते त्याविषयी बोलायचं टाळतात. मी बँकेत होतो हे मात्र कुणी विसरलेलं नाही.

त्यामुळे परवा संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या तेव्हा मी चष्मा लावूनच बसलो. नगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येतं) सावेडीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. त्यांचा धाकटा मुलगा सहा वर्षं दुबईला आहे.

"भावजी, धाकटा वैशाखात येतोय. या वेळी लग्न लावूनच परत पाठवायचा. तो म्हणतो, सोनं इकडूनच आणतो, स्वस्त पडतं. किती चालतं हो आणलेलं?"

मी माझ्या बँकेच्या सवयीनं नियम सांगायला सुरुवात केली. अमुक वर्षाचा नियम, तमुक रुपयांची मर्यादा, त्यानंतरची दुरुस्ती. त्यांनी पाचएक मिनिटं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे किती तोळे?"

मी म्हणालो, "वर्षापेक्षा जास्त तिकडे राहिलेला असेल तर पुरुषाला २० ग्रॅम दागिने, बाईला ४०."

"म्हणजे बाईला चार तोळे, बाप्याला दोन." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "पण भावजी, सोनं तर होणाऱ्या सुनेचंच आहे ना? आणणारा बाप्या आहे म्हणून ते निम्मं कसं होईल?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं ते कस्टम्सच्या कायद्याकडेही नाही. कायदा दागिना कुणासाठी आहे हे बघत नाही, कुणाच्या सामानात आहे ते बघतो.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला करात जी सूट मिळते, तिच्या दोन भागांची लोक हमखास गल्लत करतात. एक भाग सर्वसाधारण सामानाचा. वापरातले कपडेलत्ते मोकळेच असतात. त्याशिवाय भेटवस्तू, खेळणी, मिक्सर, अत्तरं यांना मिळून एक रकमेची मर्यादा असते. ही रक्कम २००४ साली २५ हजार होती, २०१२ साली ३५ हजार झाली, २०१४ साली ४५, २०१६ साली ५०, आणि २०२६ च्या फेब्रुवारीत नवे नियम आले त्यांत ७५ हजार. दारू दोन लिटर, सिगारेटी शंभर, ही हद्द सगळ्यांना पाठ असते, त्याबद्दल मला कुणी विचारायला येत नाही. सपाट टीव्हीची गोष्ट तेवढी सांगण्याजोगी आहे. दुबई-बँकॉकहून येणारा प्रत्येक जण काखेत टीव्हीचं खोकं मारून यायचा असा एक काळ होता. २०१३ साली रुपया घसरला आणि त्या वर्षीच्या २६ ऑगस्टपासून सरकारनं टीव्ही सवलतीतून काढून टाकला. एका रात्रीत ती खोकी दिसेनाशी झाली.

दुसरा भाग दागिन्यांचा. ही सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्याला. महिनाभर सहलीला जाऊन आलेल्यानं तिचं नाव काढू नये.

या दागिन्यांच्या सवलतीचा हिशेब मी एकदा पाठकोऱ्या कागदावर मांडला होता. १९९१ साली मर्यादा ठरली ती रुपयांत: पुरुषाला दहा हजारांचे, स्त्रीला वीस हजारांचे दागिने. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव साडेतीन हजारांच्या आसपास होता. म्हणजे बाईला साधारण पावणेसहा तोळे आणता येत होते. ती परिस्थिती काही वाईट नव्हती. पण मग भाव वाढत गेला आणि आकडा जागचा हलला नाही. २०१२ साली भाव तीस हजारांच्या घरात गेला, तेव्हा त्याच वीस हजारांत पाऊण तोळाही बसत नव्हता. नियम कुणी कडक केला नव्हता. त्याला कुणी हातच लावला नव्हता, आणि तरीही सवलतीतलं सोनं पावणेसहा तोळ्यांवरून पाऊण तोळ्याच्या खाली आलं. आखातात वीस वर्षं घरकाम केलेली बाई गळ्यात साधी साखळी घालून परत आली तरी नियमाच्या हिशेबानं ती गुन्हेगारच.

२०१३ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी हे कबूल केलं. भाव वाढले, प्रवाशांना त्रास होतो अशा तक्रारी आहेत, असं सांगून त्यांनी मर्यादा पुरुषाला पन्नास हजार आणि स्त्रीला एक लाख केली. त्या दिवशीच्या भावानं एक लाखात तीन तोळ्यांच्या वर सोनं येत होतं. २०१६ च्या नियमांत २० आणि ४० ग्रॅम ही वजनंही आली, पण रुपयांची अट तशीच जोडून ठेवली. दोन्हींपैकी जी आधी भरेल ती खरी. भाव त्या वर्षीच अठ्ठावीस हजारांच्या वर होता, म्हणजे चाळीस ग्रॅम पहिल्या दिवसापासून लाखात मावत नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमनं लाखाचा टप्पा गाठला. चार तोळ्यांच्या सवलतीत उरला एक तोळा, तोही घडणावळ न धरता. २०२६ च्या नियमांनी रुपयांची अट काढली, नुसतं वजन ठेवलं. वहिनींचा "म्हणजे किती तोळे" हा प्रश्न दिल्लीला ऐकू जायला पस्तीस वर्षं लागली.

सोनं आणि सरकार यांच्या भांडणात आमच्या नगरचा एक माणूस मध्ये येतो, त्याची इथं आठवण काढायलाच हवी. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरेटचं मंगळसूत्र कोण घेणार? सोनारांच्या भट्ट्या विझल्या. आमच्या आजीच्या सांगण्यात गल्लीतला एक सोनार हमखास यायचा, ज्यानं पुढे दोरखंड-सुतळीचं दुकान घातलं. चौदा कॅरेटची अट पुढे गेली, पण १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि सोन्याचं बिस्किट घरात ठेवणं हा गुन्हा राहिला. परदेशातून ते उघडपणे आणायचा प्रश्नच नव्हता, म्हणून ते चोरून येत होतं. दहा तोळ्यांचं, ११६ ग्रॅम भरणारं बिस्किट आम्ही फक्त हिंदी सिनेमात, खलनायकाच्या ब्रीफकेसमध्ये पाहिलेलं.

हा कायदा रद्द केला तो मधू दंडवते यांनी. ते जन्मानं नगरचे, २१ जानेवारी १९२४ चे. पुढे राजापूरमधून निवडून येत राहिले म्हणून कोकणानं त्यांना आपलं म्हटलं, आणि रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी बसवली म्हणून सगळ्या देशानं. पण वि. प्र. सिंग यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री असताना १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी सुवर्ण नियंत्रण उठवायचं जाहीर केलं आणि जूनमध्ये ते उठलं, हे नगरच्या सराफांना सोडून फार थोड्यांच्या लक्षात आहे. पुढच्याच वर्षी, जुलै १९९१ मध्ये, रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं परदेशी तारण ठेवावं लागलं. मी त्या काळी शाखेत सोनेतारणाच्या टेबलाला होतो. देशानंही तेच केलेलं पाहून आम्हा बँकवाल्यांना काय वाटलं ते सांगायला नको. मग १९९२ साली मनमोहनसिंगांनी सहा महिन्यांहून जास्त परदेशी राहिलेल्या भारतीयाला कर भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा दिली. ही मर्यादा नंतर बदलत गेली; अलीकडच्या वर्षांत ती एक किलोची होती.

या सगळ्याचा अर्थ मला समजावला तो एका फिटरनं. आमच्या जुन्या गल्लीत राहणारा, राहुरीकडच्या साखर कारखान्यात पाळीवर जाणारा हा माणूस सत्तरीच्या दशकाच्या शेवटी कुवेतला गेला. १९८५ साली तो पहिल्यांदा मोठ्या सुट्टीवर आला तेव्हा त्याला आणायला आम्ही चौघे जीप करून सहारला गेलो. रात्री माळशेज घाट उतरलो आणि पहाटे विमानतळाच्या कठड्याला टेकून उभे राहिलो. आमच्यासारखीच शेकडो माणसं काचेला नाक लावून उभी होती. बाकीचे प्रवासी भराभर बाहेर आले, आमचा माणूस दोन तास येईना. त्याच्या बायकोनं मनातल्या मनात कोणकोणते नवस बोलले असतील ते तिचं तिला ठाऊक. शेवटी तो आला. डोक्यावर वळकटी, हातात टू-इन-वन, आणि दातांत धरलेला एक कागद.

कागद कर भरल्याच्या पावतीचा होता. बाकीचे हिरव्या फाटकातून निघून गेले, हा आपणहून लाल फाटकात जाऊन उभा राहिला. तिथं रांग होती म्हणून उशीर झाला. टू-इन-वनवर ड्यूटी भरली. आम्ही त्याला वेड्यात काढलं. गाडीत एकानं विचारलंसुद्धा, "अरे, तुला कोण तपासणार होतं?" तो म्हणाला, "तपासलं असतं तर?" एवढंच बोलून तो झोपला.

तो टू-इन-वन पुढे गल्लीभर वाजला. गणपतीत मांडवात वाजला. आणि कुणी "स्मगलिंगचा का रे?" असं चेष्टेनं विचारलं की तो घरात जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतली पावती घेऊन यायचा. त्या काळात 'फॉरिनचा माल' म्हटलं की मुंबईतलं मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना आठवायचा, आणि चोरटा माल बाळगण्यात लोकांना एक गंमतही वाटायची. ती गंमत त्याला कधी कळली नाही. १९९३ साली तो कायमचा परत आला तेव्हा शाखेत माझ्या टेबलासमोर बसून त्यानं रुमालाची गाठ सोडली. आत दहा तोळ्यांचं बिस्किट आणि पुन्हा एक पावती. सिनेमाबाहेर मी पाहिलेलं ते पहिलं बिस्किट. लॉकर हवा होता त्याला. त्याच्या दोन मुलींची लग्नं त्या बिस्किटात झाली.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी मी फार कुणाला सांगितलेली नाही.

२०१८ साली मुलीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं मस्कतला गेलो. डिंक, अळीव, बाळगुटीचं सामान, सगळं वजनात बसवून नेलं. पत्नीच्या हातात तिच्या लग्नातल्या पाटल्या होत्या, १९८६ सालच्या, तिच्या आईनं नगरच्या सोनाराकडून करून घातलेल्या. तीस-बत्तीस वर्षं त्या तिच्या हातातून निघालेल्या मला आठवत नाहीत. तीन महिन्यांनी परत आलो. आपल्याच देशातल्या एका विमानतळावर, हिरव्या फाटकातून बाहेर पडताना एका तरुण अधिकारी बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं.

"या पाटल्या कुठून घेतल्या?"

"नगरहून," ही म्हणाली.

"पावती?"

हिला हसू आलं. "अहो, आईनं घातल्यात. आईकडे कुणी पावती मागतं का?"

त्या बाईंना हसू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा नोकरीत होतो; दिवसाला दहा माणसांना मी कागद मागत असे. आणि त्या क्षणी माझ्या खिशात बायकोच्या पाटल्यांचा एकही कागद नव्हता. आम्हाला बाकावर बसवलं. कायदा काय म्हणतो ते मला माहीत होतं, आणि तीच पंचाईत होती. सोनं चोरटं असल्याच्या वाजवी संशयावरून ताब्यात घेतलं, तर ते चोरटं नाही हे ज्याच्याकडे सापडलं त्यानं सिद्ध करायचं, असं १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं १२३ वं कलम सांगतं. इतर गुन्ह्यांत सरकारला सिद्ध करावं लागतं, इथं उलट.

बाकावर बसल्या बसल्या मला पाथर्डीकडची एक म्हातारी आठवली. सासूची पुतळ्यांची माळ तारण ठेवायला ती आली होती. वजन बरंच होतं, म्हणून मी मालकीचा कागद मागितला. तीन हेलपाटे घातले तिनं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "साहेब, सासू मेली तवा तिनं माळ दिली, कागद न्हाई दिला." शेवटी मी शाखाधिकाऱ्यांना विचारून दोन साक्षीदारांवर काम केलं, पण तीन हेलपाट्यांचं एस्टीचं भाडं तिचं गेलंच.

दीड तासानं एक वयस्क अधिकारी आले. त्यांनी पाटली उजेडाकडे धरली, भिंग लावलं. आतल्या बाजूला सोनाराची दोन अक्षरं होती, मराठीत, झिजून पुसट झालेली. कडाही झिजलेल्या होत्या. "जुन्या आहेत," असं म्हणून त्यांनी त्या हिच्या हातात दिल्या. मला म्हणाले, "जाताना दाखवून निर्यातीचं प्रमाणपत्र घेऊन ठेवत जा. मग येताना कुणी विचारणार नाही." असं प्रमाणपत्र मिळतं हे मला, पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला, तोवर ठाऊक नव्हतं. गाडीत ही पुण्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. पाटल्या मात्र हातातून काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या.

अशा बाकावर बसलेले आम्ही एकटे नव्हतो हे नंतर वाचनात आलं. अंगावरचे दागिने प्रवाशाच्या वापरातल्या वस्तू धरायचे की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ साली निकाल प्रवासी बाईच्या बाजूनं लागला. तरी २०१६ च्या नियमांतली वैयक्तिक वस्तूंची व्याख्या दागिने वगळत होती, म्हणून भांडण चालूच राहिलं. दिल्ली उच्च न्यायालयानं त्यानंतरच्या वर्षांत कितीतरी प्रकरणांत, वापरातले जुने दागिने हे 'दागिने' या शब्दात धरू नयेत, असं सांगितलं आणि नियमांचा फेरविचार करायला सरकारला बजावलं.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. जानेवारी २०१२ मध्ये सोन्यावरचा आयात कर दोन टक्के होता, ऑगस्ट २०१३ पर्यंत दहा झाला, जुलै २०२२ मध्ये पंधरा. किलोला सत्तर लाख भाव धरला तर पंधरा टक्के म्हणजे साडेदहा लाख. एका फेरीत एवढे सुटत असतील तर माणूस पोटात कॅप्सूल गिळतो, कमरपट्ट्यात सोन्याची पेस्ट भरतो, बायकापोरांना पुढे करतो. जुलै २०२४ मध्ये कर सहा टक्क्यांवर आणला तेव्हा तोच फायदा चार लाख वीस हजारांवर आला. चोरी कमी करायला यापेक्षा मोठी झडती नाही, असं माझं मत आहे. पण समोरून येणाऱ्या हजार माणसांत ती एक पेस्टवाली कोण आणि नगरच्या पाटल्यांवाली कोण, हे त्या तरुण बाईंना दहा सेकंदांत ठरवायचं असतं. तो राग मी केव्हाच सोडला. हिनं सोडलेला नाही.

तर वहिनींना मी हे सांगितलं. मुलाला दोन तोळ्यांपर्यंतचे दागिने आणू द्या. शारजाला त्याची चुलत बहीण सात वर्षं आहे, ती त्याच सुमाराला येणार असेल तर तिला तिच्या चार तोळ्यांची सवलत वेगळी आहे. पण एकाची सवलत दुसऱ्याच्या नावावर चालत नाही, दागिने तिचेच हवेत. त्याहून जास्त आणायचं असेल तर लाल फाटकातून जायचं, सांगायचं, कर परकीय चलनात भरायचा आणि पावती जपायची. बिस्किटाला वा नाण्याला दागिन्याची सवलत लागू नाही. निघण्याआधी त्या दिवसाचे दर नक्की विचारून घ्यायचे, कारण ते अर्थसंकल्पाची वाट बघतातच असं नाही.

मग मी त्यांना कागदावर हिशेब करून दाखवला. तिकडचा भाव, तिकडची घडणावळ, वरचा कर, आणि इकडचा भाव. फरक फार उरत नव्हता. मी म्हणालो, "वहिनी, सरळ गंजबाजारात करा दागिने. घडण मनासारखी होईल, आणि मोडायची वेळ आली तर तोच सराफ घेईल."

त्यांनी कागद नीट घडी घालून कमरेला खोचला. "ते खरं आहे भावजी. पण मुलीकडच्यांना दुबईचं सांगून बसलोय ना."

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा मस्कतला निघालो आहोत. नातू आता शाळेत जातो. पाटल्या घरी ठेवायला ही तयार नाही. म्हणून गेल्या सोमवारी दोघं सराफाकडे गेलो, वजनाचा दाखला घ्यायला. विमानतळावर प्रमाणपत्र मागताना तो जवळ असलेला बरा. सराफानं साबणाचं पाणी लावून पाटल्या हिच्या हातातून सोडवल्या आणि काट्यावर ठेवल्या. लग्नात पुरत्या चार तोळ्यांच्या होत्या, काटा ३८ ग्रॅम ३०० मिलिग्रॅमवर थांबला.

"बाकीचं कुठं गेलं?" हिनं विचारलं.

"भांड्यांत गेलं, वहिनी," सराफ म्हणाला. त्यानं वजन लिहिलं, आतली दोन अक्षरं भिंगातून वाचून तीही लिहिली, तारीख घालून शिक्का मारला. मी समोरच्या दुकानातून त्याच्या तीन झेरॉक्स काढून आणल्या.